पानिपतचे पान

दिल्ली पाहावयास गेलेल्या मराठी प्रवाशाची पहिली तक्रार हवेची असते आणि दुसरी जेवणाची. लाल किल्ला, कुतुबमिनार आणि राजघाट डोळे भरून पाहून झाले की त्याला घरच्या भाकरीची, निदान आमटी-भाताची आठवण होऊ लागते. ह्या शहरात तिचीही सोय आहे. महाराष्ट्र सदनाच्या उपाहारगृहात ओळखीच्या चवीचे चार घास मिळतात. आणि शेजारच्या प्रांतांविषयी कुतूहल असेल तर आंध्र भवनात थाळीसाठी लागलेल्या रांगेत उभे राहता येते. परंतु घरचेच जेवावयाचे तर इतक्या दूर यावे कशाला, असा विचार करणारेही प्रवासी असतातच. ते चांदणी चौकातील पराठेवाल्या गल्लीत शिरतात. तेथे पराठा भाजीत नाहीत, कढईत तळतात, हे पाहून प्रथम चकित होतात आणि मग दुसरा मागवितात. कोणी जामा मशिदीच्या बाजूस १९१३ पासून चालत आलेल्या करीमच्या उपाहारगृहात जातो. कोणी बंगला साहिब किंवा शीशगंज गुरुद्वाऱ्यात डोके झाकून, जमिनीवरील लांबलचक पट्टीवर अनोळखी माणसांच्या शेजारी बसतो आणि दोन्ही हात पुढे करून रोटी घेतो. लंगराची ही पंगत मराठी माणसाला परकी वाटत नाही. पंढरीच्या वाटेवरील अन्नछत्रांत त्याने असेच जेवण कधी ना कधी घेतलेले असते.

अशा आगळ्या जेवणांची यादी कितीही वाढविता येईल. तथापि महाराष्ट्रातून आलेल्या प्रवाशासाठी एक जेवण असे आहे की ज्याची वाट कोणतीही मार्गदर्शिका दाखवीत नाही. त्यासाठी त्याला दिल्लीच्या बाहेर पडून उत्तरेकडे सुमारे ९० किलोमीटर जावे लागते. तेथे कोणतेही दुर्मीळ पक्वान्न मिळत नाही. डाळ, रोटी, लोणी, लोणचे, एवढेच मिळते. पण ते ज्या भूमीवर वाढले जाते त्या भूमीचे नाव पानिपत असे आहे.

मराठी भाषेत ह्या गावाचे नाव आता गावाचे राहिलेले नाही. एखाद्याचा पुरता बोजवारा उडाला की त्याचे पानिपत झाले, असे म्हणतात. कोणी उसनवारीसाठी विश्वासाची भाषा करू लागला तर विश्वास पानिपतच्या लढाईत गेला, असे उत्तर त्याला हसत हसत मिळते. ज्यांनी हे गाव कधी पाहिले नाही आणि पुढेही पाहणार नाहीत, अशा लक्षावधी लोकांच्या तोंडी त्याचे नाव रोज येत असते. साहजिकच तेथे जाणारा प्रवासी रणांगण पाहावयास जातो. तोफा कोठे होत्या, विश्वासराव कोठे पडले, भाऊसाहेब शेवटी कोठे दिसले, हे प्रश्न तो मनाशी घेऊन निघतो. परंतु त्या महायुद्धाच्या मुळाशी असलेला सर्वांत साधा प्रश्न त्याला वाटेत, भूक लागल्यावरच सुचण्याचा संभव असतो. एवढे लोक येथे खात काय होते?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास रस्ताच पुष्कळ मदत करतो. दिल्लीहून पानिपतास जाणारा हा मार्ग शतकानुशतके वाहता आहे. शेरशहाने सोळाव्या शतकात त्याची मोठी दुरुस्ती केली, दुतर्फा झाडे लावली आणि सराया बांधल्या. ह्या सरायांत हिंदू आणि मुसलमान वाटसरूंच्या अन्नपाण्याची निरनिराळी व्यवस्था असे. पुढे मोगलांनी कोसाकोसावर विटांचे मिनार उभारले. त्यांतील काही सोनीपत, पानिपत आणि कर्नाल ह्या भागांत अजूनही उभे आहेत. पानिपतच्या पुढे घरौंडा येथे एका मोगल सराईचे दरवाजे आजही पाहावयास मिळतात. प्रवाशाला जेवू घालणे हा ह्या रस्त्याचा फार जुना धर्म आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

तो धर्म आज ढाब्यांनी चालविला आहे. दिल्लीपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, सोनीपत जिल्ह्यात, मुरथल नावाचे गाव लागते. मालमोटारींच्या चालकांसाठी येथे पूर्वी साधे ढाबे निघाले. अंगणात बाजा टाकलेल्या असत; बाजेवर आडवी फळी ठेवली की तिचेच मेज होई आणि जेवण आटोपल्यावर फळी काढून तेथेच पाठ टेकता येई. आता त्यांतील कित्येकांची प्रशस्त उपाहारगृहे झाली आहेत आणि शनिवारी मध्यरात्रीही दिल्लीची कुटुंबे तेथे गर्दी करतात. पण पदार्थ फारसे बदललेले नाहीत. बटाटा, कांदा, मुळा, फुलकोबी किंवा पनीर भरलेला पराठा तंदुरीच्या कडेला चिकटवून भाजतात आणि त्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा ठेवतात. सोबत दही, लोणचे आणि पेलाभर लस्सी किंवा चहा. येथील बहुतेक ढाबे शाकाहारी आहेत. थंडीच्या दिवसांत मक्याची रोटी आणि मोहरीच्या पानांची भाजी मिळते. बाहेर पाहावे तो रस्त्याच्या दोन्ही अंगांस मोहरीची पिवळी शेते, मध्ये गव्हाचे कोवळे हिरवे पट्टे आणि कोठे उसाचे फड.

अशा ठिकाणी बसलेल्या प्रवाशाला, ह्या मुलखात माणसे भुकेने व्याकूळ झाली होती, हे सांगून खरे वाटणार नाही. दुष्काळी माणदेशात किंवा मराठवाड्यात भुकेची गोष्ट समजू शकते. येथे यमुनेच्या काठी, ह्या ओलसर जमिनीत, ती समजणे कठीण जाते. आणि म्हणूनच लोण्याचा तो गोळा पराठ्यावर वितळत असताना १७६० सालच्या हिवाळ्याची हकीकत आठवणे योग्य ठरते.

सदाशिवरावभाऊंची फौज उदगीरच्या विजयानंतर, मार्च १७६० मध्ये उत्तरेकडे निघाली. तिच्याबरोबर लढणारे जितके होते त्यांहून न लढणारे अधिक होते, असे मानतात. बाजारबुणगे, नोकरचाकर, सरदारांचे कुटुंबकबिले आणि फौजेच्या आश्रयाने काशी-कुरुक्षेत्राची यात्रा साधू पाहणारे यात्रेकरू, असा तो प्रचंड समुदाय होता. ओझे आणि बायकामुले मागे सुरक्षित ठेवून सड्या स्वारीने पुढे जावे, असा सल्ला भरतपूरच्या सूरजमल जाटाने दिला होता, असे सांगतात. तो मानला गेला नाही. ऑगस्ट महिन्यात दिल्ली हाती आली. परंतु लुटून लुटून रिती झालेल्या त्या राजधानीत पैसाही नव्हता आणि धान्यही नव्हते. दिवाण-इ-खासचे चांदीचे छत काढून त्याची नाणी पाडावी लागली, ती त्याच ओढगस्तीत. सूरजमलही ह्या सुमारास मतभेद होऊन निघून गेला.

ऑक्टोबरमध्ये फौज ह्याच रस्त्याने उत्तरेकडे सरकली आणि १७ ऑक्टोबर १७६० रोजी तिने कर्नालजवळचे कुंजपुरा जिंकले. अब्दालीसाठी जमविलेला धान्याचा मोठा साठा तेथे मिळाला. त्यानंतर दसरा आला. दक्षिणेतून आलेल्या त्या माणसांनी कुंजपुऱ्याच्या परिसरात साजरा केलेला तो दसरा पोटभर जेवणाचा होता, असे म्हणण्यास हरकत नाही. पण अवघ्या आठवड्याच्या आत, ज्या यमुनेला पूर असल्याने अब्दाली पलीकडे अडकून पडला होता ती त्याने बागपतापाशी ओलांडली. बागपत पानिपतच्या दक्षिणेस आहे. म्हणजे दिल्ली आणि मराठे ह्यांच्या मध्ये आता अब्दाली येऊन उभा राहिला. घरची वाट शत्रूच्या छावणीतून जात होती. भाऊसाहेबांनी नोव्हेंबरच्या आरंभी पानिपत गावाच्या आश्रयाने मुक्काम ठोकला, भोवती रुंद खंदक खणविला आणि तोफा रोवल्या.

येथून पुढे जे घडले त्यात तलवारीचा भाग थोडा आणि शिध्याचा अधिक होता. मराठ्यांची जुनी लढण्याची रीत वेगळी होती. घोडेस्वाराने वेगाने जावे, मुलखावर निर्वाह करावा आणि शत्रूचे रसदमार्ग तोडून त्याला उपाशी मारावे, ह्या रीतीने त्यांनी दक्षिणेत मोठमोठ्या फौजा जेरीस आणल्या होत्या. पानिपतावर मात्र ते स्वतःच एका जागी खिळून बसले. छावणीतील माणसांचा आकडा निश्चित सांगता येत नाही, पण तो लाखाच्या वर असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. लाख माणसांना प्रत्येकी रोज अर्धा शेर धान्य धरले, तरी दिवसाला पन्नास हजार शेर, म्हणजे १,२५० मण धान्य लागते. महिन्याला ते साडेसदतीस हजार मण होते. त्यात घोड्यांची चंदी, हत्तींचा रातीब, बैलांची वैरण आणि चुलीचे सरपण धरलेलेच नाही. कुंजपुऱ्याच्या साठ्यासारखे साठेही अशा पोटापुढे किती दिवस पुरणार?

आरंभी टंचाई दोन्ही बाजूंस होती. गोविंदपंत बुंदेले यमुनेपलीकडच्या दुआबात फिरून अब्दालीकडे जाणारी रसद तोडीत होते आणि अफगाण छावणीतही पीठ महाग झाले होते. परंतु डिसेंबर महिन्यात गोविंदपंत अचानक आलेल्या अफगाण तुकडीच्या हाती सापडून मारले गेले. त्या दिवसापासून पारडे फिरले. दुआबातील रोहिल्यांच्या मुलखाचे धान्य अब्दालीकडे वाहू लागले. मराठ्यांना उत्तरेकडून पतियाळ्याच्या आला सिंहाकडून काही काळ धान्य येत होते. अफगाण घोडदळाने तोही मार्ग हळूहळू बंद केला. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक तुकडी रात्री वाट चुकली आणि आपलीच छावणी समजून अफगाणांच्या गोटात शिरली. तेथे ती मराठीत बोलू लागली आणि त्या बोलण्यानेच तिचा घात झाला. एका रात्री सरपण आणि दाणागोटा शोधण्यासाठी हजारो बुणगे खंदकाबाहेर पडले. त्यांच्यावर छापा पडला आणि त्यांची कत्तल झाली. काटक्या वेचावयास गेलेल्या निःशस्त्र माणसांची ती गोष्ट मोठ्या लढाईच्या छायेत झाकून गेली आहे.

ह्या सर्व काळात उत्तरेची थंडी होती. कोकणातील आणि देशावरील माणसांना तिची सवय नव्हती, आणि भुकेल्या अंगाला थंडी अधिक लागते.

अन्नाच्या ह्या हिशेबाचे महत्त्व मराठ्यांना पूर्वी ठाऊक नव्हते, असे मात्र नाही. शिवाजी महाराजांनी १६७३ साली चिपळूणकडील लष्कराच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा आणि गवत आरंभीच उधळले तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरतील आणि मग शिपाई रयतेच्या घरात शिरून धान्य आणि भाजीपाला उचलू लागतील, असा इशारा त्यांनी त्यात दिला आहे. एका छत्रपतीने कोठाराची इतकी बारीक काळजी करावी, ह्याचे अनेकांना कौतुक वाटते. पानिपत पाहून आलेल्या माणसाला त्या पत्राचा खरा अर्थ कळतो. महाराजांनी ज्याची धास्ती घेतली होती तेच येथे, त्यांच्या राज्याच्या विस्ताराच्या अगदी टोकाला, ८८ वर्षांनी घडले.

शेवटच्या दिवसांचा वृत्तांत काशीराज पंडिताने लिहून ठेवला आहे. काशीराज मूळचा दक्षिणी ब्राह्मण, पण सुजाउद्दौल्याच्या चाकरीत. त्यामुळे हे युद्ध त्याने समोरच्या बाजूने पाहिले. १७८० साली फारसीत लिहिलेल्या आपल्या हकीकतीत तो सांगतो की सरदार आणि शिपाई भाऊसाहेबांच्या तंबूभोवती जमले. दोन दिवस पोटात अन्न नाही, असे उपाशी मरण्यापेक्षा शत्रूवर तुटून पडून एकदाचा निकाल लावू द्या, अशी त्यांची मागणी होती. भाऊसाहेबांनी ती मान्य केली. विडे वाटले गेले आणि लढण्याच्या शपथा झाल्या. मराठीत अवघड कार्य अंगावर घेण्यास विडा उचलणे म्हणतात. त्या रात्री तो शब्द अक्षरशः खरा झाला. कोठारात जे काही धान्य उरले होते ते वाटून टाकावे, म्हणजे निदान एक वेळ सर्वांना पोटभर जेवता येईल, असाही हुकूम सुटला. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ही माणसे पागोट्यांचे शेव सोडून, तोंडाला आणि हातांना हळद माखून बाहेर पडली.

तो दिवस १४ जानेवारी १७६१ चा, पौष शुद्ध अष्टमीचा. त्या दिवशी काय झाले हे महाराष्ट्रात कोणाला सांगावयास नको. दुपारपर्यंत जिंकत आलेली लढाई दुपारनंतर हातची गेली. तिच्या पराभवाची कारणे इतिहासकारांनी अनेक सांगितली आहेत; त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी तर १९६१ साली, लढाईला २०० वर्षे झाली तेव्हा, ह्या एकाच विषयावर संपूर्ण ग्रंथ लिहिला. तोफखाना आणि घोडदळ ह्यांचा मेळ नसणे, उत्तरेत मित्र न राहणे, अब्दालीने राखून ठेवलेली ताज्या दमाची पथके, ही सर्व कारणे खरीच आहेत. पण ज्या माणसांनी सकाळपासून दुपारपर्यंत ती लढाई रेटून धरली त्यांच्या पोटात आदल्या रात्रीचे एक जेवण होते आणि त्याआधी दोन दिवस काहीच नव्हते, हे कारणही त्या यादीत वरच्या बाजूस लिहिले पाहिजे.

ह्या कथेचा शेवट मात्र भुकेवर होत नाही. रणातून वाचलेली माणसे पायी, अर्धवस्त्र, रानोमाळ दक्षिणेकडे निघाली. अठरा वर्षांचे नाना फडणीस त्यांतच होते आणि त्या पळापळीचे कष्ट त्यांनी आपल्या आत्मवृत्तात नोंदविले आहेत. ही माणसे जाटांच्या मुलखात पोचली तेव्हा ज्याचा सल्ला डावलला गेला होता त्या सूरजमलने आणि त्याच्या राणी किशोरीने त्यांना आसरा दिला, अन्न दिले, वस्त्रे दिली, जखमांवर उपचार करविले आणि वाटखर्ची देऊन पुढे पाठविले. अब्दालीचा रोष ओढवेल, ह्याची त्याने पर्वा केली नाही. भरतपूरच्या भाकरीचे हे ऋण मराठ्यांच्या इतिहासातील फार मोठे ऋण आहे. दिल्लीहून आग्र्यास जाणारे प्रवासी ताजमहाल पाहून परततात. भरतपूर आणि डीग तेथून फार दूर नाहीत. तेथे जाऊन चार घास खाणारा मराठी प्रवासी विरळाच.

पानिपत शहरात शिरल्यावर मात्र ह्या इतिहासाची खूण सहजासहजी सापडत नाही. हे आज मागाच्या आणि लोकरीच्या धंद्याचे गजबजलेले शहर आहे. सतरंज्या, चादरी, गालिचे आणि जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांपासून पुन्हा सूत काढून विणलेली कांबळी येथून देशोदेशी जातात. ज्या ठिकाणी दक्षिणेचे लोक थंडीने काकडले तेच गाव आज सर्वांना पांघरुणे पुरविते. बू अली शाह कलंदराचा दर्गा, इब्राहिम लोदीची कबर, बाबराची काबुली बाग मशीद आणि भाऊसाहेबांशी ज्याचा संबंध स्थानिक परंपरा जोडते ते तलावाकाठचे देवीचे मंदिर, ही स्थळे गल्लीबोळांत विखुरलेली आहेत. उर्दू कवी हाली ह्यांचेही हेच गाव.

पानिपताने भुकेलेली माणसे आणखी एकदा पाहिली आहेत. १९४७ च्या फाळणीत येथील बहुतेक मुसलमान रहिवासी, ज्यांत विणकरांचा मोठा भरणा होता, पाकिस्तानात गेले. त्यांनी जाऊ नये म्हणून नोव्हेंबर १९४७ मध्ये महात्मा गांधी स्वतः येथे आले होते; परंतु ते घडावयाचे नव्हते. आणि पश्चिम पंजाबातून घरदार सोडून आलेले निर्वासित तांडेच्या तांडे येथे उतरले. त्यांनी रिकामे माग चालू केले, दुकाने थाटली, तंदूर पेटविले. आज बाजारात जी चव लागते तीत त्या हरवलेल्या प्रांताची चव मिसळली आहे.

बाजारातून बरोबर न्यावयाची वस्तू कोणती, हे येथे कोणासही विचारण्याची गरज पडत नाही. हमरस्त्यावर दुकानामागून दुकान पचरंगा लोणच्याच्या पाट्या लावून बसलेले असते आणि प्रत्येक जण खरा पचरंगा आपलाच, असे सांगत असतो. ह्या लोणच्यात एकट्या कैरीचे राज्य नसते. हरभरे, कमळाचे देठ, लिंबू, करवंदे असे निरनिराळे जिन्नस एकत्र येतात आणि बडीशेप, मेथी, कलौंजी घातलेल्या मोहरीच्या तेलात मुरतात. मराठी जिभेला प्रथम त्या तेलाचा उग्र वास जाणवतो. तिला लोणच्यात मोहरीची डाळ आणि हिंग ठाऊक असतो, मोहरीचे तेल नव्हे. पण मुरथलच्या पराठ्याबरोबर दुसऱ्या घासाला ते आवडू लागते. लोणचे ही वस्तू मुळात साठवणीची आहे. हंगामात पिकते ते तेला-मिठात राखून टंचाईच्या दिवसांत तोंडी लावावे, ही त्यामागची युक्ती. साठवण संपल्यामुळे जेथे एका फौजेचा अंत झाला त्या गावाने साठवणीच्या पदार्थासाठी नाव कमवावे, हा योगायोग प्रवाशाच्या लक्षात राहण्यासारखा आहे.

शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर काला अंब नावाचे स्थळ आहे. तेथील आंब्याचे झाड वीरांच्या रक्ताने काळे पडले होते, अशी आख्यायिका आहे. झाड केव्हाच गेले. आता लोखंडी कुंपणाच्या आत विटांचा एक स्तंभ आणि भोवती बाग आहे. दर १४ जानेवारीला येथे माणसे जमतात. महाराष्ट्रातून येतात, तशीच पानिपत, कर्नाल आणि कुरुक्षेत्र ह्या भागांतील रोड समाजातूनही येतात. ह्या समाजातील अनेक जण स्वतःला पानिपतावरून परत न गेलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. ह्या दाव्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पण जे पाहुण्याला आपलेपणाने ताटावर बसवितात त्यांच्याशी वंशावळीचा वाद घालण्यास पाहुणाही उत्सुक नसतो.

चौदा जानेवारी हा आता बहुधा संक्रांतीचा दिवस असतो. १७६१ साली संक्रांत तीन-चार दिवस आधीच येऊन गेली होती. संक्रमणाची तारीख शतकाशतकाने पुढे सरकत असल्याने हे दोन दिवस पुढील काळात एकमेकांवर आले. त्यामुळे महाराष्ट्रातून येणाऱ्यांच्या पिशवीत तिळगुळाचा पुडा असतो. आदल्या रात्री ह्या प्रांतात लोहडीच्या शेकोट्या पेटलेल्या असतात आणि घरोघरी रेवड्या, गजक, शेंगदाणे वाटलेले असतात. म्हणजे तीळ आणि गूळ दोन्हीकडे एकच. काला अंबच्या बागेत धुके विरळ होऊ लागले की तिळगूळ आणि रेवड्या ह्यांची देवघेव होते. त्या मातीवर दिल्या-घेतल्या गेलेल्या ह्या मूठभर गोडाला कोणत्याही मेजवानीची सर येणार नाही.

त्यानंतर दुपारी रस्त्यावरील एखाद्या ढाब्यात प्रवासी जेवावयास बसतो. वाढणारा पोरगा न विचारता आणखी एक रोटी ताटात टाकतो; नको म्हटले तरी त्याला ते पटत नाही. जुन्या मराठी घरांत जेवणापूर्वी पानाभोवती पाणी फिरवून भाताच्या चार शितांच्या चित्राहुती घालण्याची रीत होती. आता ती फारशी कोणी पाळीत नाही. पण पानिपतला जेवताना रोटीचा पहिला तुकडा मोडल्यावर हात क्षणभर थांबतो. तो तुकडा कोणासाठी बाजूला काढावयाचा, हे येथे कोणी सांगावे लागत नाही. मग ताटात वाढलेले सर्व संपवून, काहीही न टाकता, प्रवासी उठतो आणि दिल्लीच्या वाटेला लागतो. १७६१ च्या त्या संध्याकाळी असंख्य माणसांना हीच दक्षिणेची वाट हवी होती.